युरोपला एकट्याने निघण्यापूर्वी दिवसांचा हिशेब
कोल्हापूरहून उन्हाळ्यात एकट्याने युरोपातील अनेक देश फिरण्याचा बेत असेल, तर तिकिटांपूर्वी दिवसांचा हिशेब कॅलेंडरवर मांडावा. शेंगेन क्षेत्रातील, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या, २९ देशांत मिळून कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते, प्रवेशाचा व परतीचा दिवसही त्यात धरला जातो, आणि व्हिसावर कमी दिवस लिहिलेले असल्यास तेच पाळावे लागतात. ब्रिटन व आयर्लंड यात येत नाहीत. व्हिसाचा अर्ज सर्वाधिक मुक्कामाच्या देशाकडे करावा. मुक्काम सारखेच असल्यास प्रथम प्रवेशाच्या देशाकडे. हा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो, आणि बोटांच्या ठशांसाठी पुण्या-मुंबईची खेप पडू शकते, म्हणून दिरंगाई अजिबात करू नये. शिदोरीत कांदा-लसूण चटणी अवश्य असावी. पेढे मात्र नकोत, कारण बाहेरून दुग्धजन्य पदार्थ युरोपीय संघात नेण्यास प्रवाशांना मनाई आहे.