मालवणात जेवायला बसताना

खानावळीत शिरल्यावर फळा नंतर वाचा, आधी विचारा, "आज ताजं काय आलंय?" सुरमई-पापलेट फळ्यावर कायम लिहिलेलं असतं. पण त्या दिवशी बांगडा भरपूर आला असेल तर तोच मागवा. तिरफळं (कोकणातला झणझणीत वासाचा मसाला) घातलेलं बांगड्याचं तिखलं, म्हणजे तिखट कालवण, शिळ्या सुरमईपेक्षा कधीही सरस, हे माझं ठाम मत. थाळीचा दर माशावर ठरतो, तोही आधीच विचारून घ्या. त्यात संकोच कसला?

जमलं तर कच्चा मासा बघायला मागा. कल्ले लालभडक, डोळे चकचकीत आणि बोटानं दाबलं तर खळगा न राहता मांस लगेच वर यायला हवं. अख्ख्या शिजवलेल्या तिसऱ्यांत (खाण्याच्या शिंपल्यांत) एखादी शिंपी मिटलेलीच राहिली असेल तर ती बाजूला काढा.

जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, तेव्हा पानात येणारी सुरमई बहुधा बर्फातली. त्या दिवसांत खाडीतला मासा किंवा सुक्या बांगड्याची किसमूर, म्हणजे खोबरं घालून केलेली कोशिंबीर, मागा. घरगुती खानावळ असेल तर सकाळीच फोन करून किती पानं ते सांगून ठेवा, म्हणजे मासा तुमच्या हिशेबानं आणला जातो.