नवा जन्म झाला तरी पाप होतंय? मग नक्की काय करायचं

बाप्तिस्मा घेऊन वर्ष-दोन वर्षं झालेली माणसं एक प्रश्न हमखास विचारतात, आणि तो उपासना संपल्यावर बाकीचे चहाकडे वळले की हळूच विचारतात. मी ख्रिस्तात नवी उत्पत्ती झालोय ना, मग मला अजून इतका राग का येतो, रात्री मोबाईलवर नको ते का बघितलं जातं, ऑफिसात साहेबासमोर पटकन खोटं का निघतं, म्हणजे माझं तारण खरं नव्हतंच का? हे निदान विचारतात तरी. काहीजण विचारतच नाहीत, हळूहळू मंडळीत यायचंच बंद करतात, आणि मला खरी काळजी त्यांची वाटते. त्यांच्यासाठीच हे लिहितेय, अगदी काय करायचं, कुठून सुरुवात करायची, या अंगाने.

आधी सरळ उत्तर. हो, विश्वासणाऱ्याकडून पाप होतं. योहानाने आपलं पहिलं पत्र विश्वासणाऱ्यांनाच लिहिलंय, आणि त्यात तो म्हणतो की आपल्यात पाप नाही असं म्हटलं तर आपण स्वतःलाच फसवतो, इथे तो "तुम्ही" म्हणत नाही, "आपण" म्हणतो, स्वतःला धरून. याकोब म्हणतो आपण सगळेच पुष्कळ बाबतीत चुकतो. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीच्या लगेच मागे क्षमेची मागणी आहे, म्हणजे जितकी भाकरी रोज लागते तितकीच क्षमाही रोज लागणार हे त्याने धरलेलंच आहे. आणि पेत्राचं बघा, पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पेंटेकॉस्टला, पवित्र आत्म्याने भरून उभा राहून उपदेश केलेला माणूस, तोच पुढे अंत्युखियात यहूदी भाऊ आल्यावर लोक काय म्हणतील या भीतीने परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंगतीतून उठला. पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सांगितलं की हे ढोंग आहे (गलती २). पेत्राचं तारण गेलं का? नाही. पण पाप होतं का? होतं, आणि ते पाप म्हणूनच सांगितलं गेलं.

मग त्याच योहानाने तिसऱ्या अध्यायात "देवापासून जन्मलेला पाप करत नाही" असं कसं लिहिलं? इथे खूपजण अडकतात. पण पत्र सलग वाचा, मधलं एक वचन उचलून नाही. ज्याने पहिल्या अध्यायात पाप कबूल करायला सांगितलं तोच तिसऱ्यात बोलतोय, त्यामुळे दोन्ही एकत्रच धरायला लागतात. तो बोलतोय ते पापात मुक्काम करण्याबद्दल, भावाचा द्वेष करत राहायचं आणि वर मी देवाचा म्हणायचं, हे जमणार नाही म्हणतो. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल हेच मालकाच्या भाषेत सांगतो, आधी पाप मालक होतं, ते सांगेल ते निमूट व्हायचं, आता मालक बदललाय. जुना मालक हाका मारायचा थांबलेला नाही आणि कधीकधी आपण सवयीने ओ देतो पण त्याचा हक्क संपलाय. म्हणून आतमध्ये जी ओढाताण चालते ना, देह एकीकडे आत्मा दुसरीकडे (गलती ५:१७), ती नवा जन्म खोटा असल्याची खूण नाही. आधी ही ओढाताण होती का, हे स्वतःला विचारून बघा. बहुतेकांना आठवतं की आधी तेच करून शांत झोप लागायची.

यावर मंडळ्यांमध्ये मतं वेगवेगळी आहेत. प्रॉटेस्टंट सुधारणेची सुरुवात करणारा मार्टिन ल्यूथर म्हणायचा विश्वासणारा एकाच वेळी नीतिमान आणि पापी आहे, आणि १५१७ च्या त्याच्या ९५ मुद्द्यांपैकी पहिलाच हा होता की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं. मेथडिस्ट चळवळीचा जॉन वेस्ली म्हणायचा की याच जन्मात प्रीतीत पूर्ण होता येतं, पण स्वतःबद्दल त्याने तसा दावा केला नाही. वसईच्या, गोव्याच्या कॅथलिक भावंडांच्या शिकवणीत बाप्तिस्म्याने मूळ पाप धुतलं जातं पण पापाकडचा ओढा राहतो, म्हणून प्रायश्चित्ताचा संस्कार, म्हणजे धर्मगुरूजवळ पापकबुली, आहे. रोमकरांच्या सातव्या अध्यायातला "जे नको तेच मी करतो" म्हणणारा माणूस तारण व्हायच्या आधीचा की नंतरचा, यावर तर प्राचीन मंडळीतला मोठा शिक्षक ऑगस्टीनने स्वतःचंच मत नंतर बदललं. पण उद्या सकाळी काय करायचं हे या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबणार नाही, त्यामुळे पुढे जाऊया.

झालं ते नक्की पाप आहे का, हे आधी बघा

मोह येणं म्हणजे पाप नाही. प्रभू येशू सगळ्या बाबतीत आपल्यासारखा पारखला गेला तरी निष्पाप राहिला असं इब्री ४:१५ सांगतं, म्हणजे मनात विचार चमकून गेला एवढ्यावरून स्वतःला दोषी धरू नका. त्याला बसायला पाट दिला, चहा विचारला, की तिथून गोष्ट बदलते.

दुसरं, मंडळीची रीत आणि पाप यात फरक करा. टिकली लावली, सिनेमा बघितला, रविवारी दुकान उघडलं यावरून कोणी तुम्हाला पापी म्हणालं तर नम्रपणे विचारा की शास्त्रात हे कुठे आहे, आणि मग रोमकरांस १४ वा अध्याय सोबत बसून वाचा. खूप नव्या विश्वासणाऱ्यांचा निम्मा अपराधभाव हा दुसऱ्यांच्या नजरेचा असतो, आणि त्या गडबडीत खरी पापं, म्हणजे भावाशी तीन वर्षं न बोलणं, कामवालीचे पैसे कापणं, महिला मंडळात एखादीची बदनामी करणं, ही तशीच राहून जातात.

आणि तिसरं, हे फार कमी बोललं जातं. काही माणसं एकाच गोष्टीची क्षमा दिवसातून वीस वेळा मागतात, समाधान होतच नाही, घाण विचार नको असताना येत राहतात, प्रार्थनेत एक शब्द चुकला तर परत पहिल्यापासून सुरू करतात. तरुण ल्यूथर तासन् तास पापकबुली करत बसायचा आणि उठल्यावर त्याला अजून काही आठवायचं. तुमचं असं होत असेल तर पाळकांशी बोलाच, पण मानसोपचारतज्ज्ञालाही दाखवा, कारण कधीकधी हा आजार असतो आणि त्याला औषधोपचार आहे. डॉक्टरकडे गेल्याने विश्वास कमी होत नाही.

पाप झालंच असेल तर

लगेच परत या. हेच सगळ्यात अवघड जातं, कारण आपल्या अंगात लपायची सवय आहे, आदामाने झाडांमागे लपून सुरुवात केली ती अजून चालूच आहे. आपण काय करतो, तर दोन-चार दिवस जाऊ देतो, जरा चांगलं वागतो, उपास धरतो, आणि मग "आता प्रार्थना करायला तोंड आहे" असं वाटतं. म्हणजे क्षमा आपण आधी कमवू बघतो, ख्रिस्ताने वधस्तंभावर केलेलं पुरेसं नाही असंच मनात धरून. असं करू नका. त्याच तासाला, त्याच घाणेरड्या अवस्थेत या, गाडीत, बाथरूममध्ये, ऑफिसच्या जिन्यात, कुठेही.

आणि नाव घेऊन सांगा. "प्रभू, काही चुकलं असेल तर क्षमा कर" ही प्रार्थना आपल्याकडे फार चालते पण तिच्यात कबुलीच नाही. "प्रभू, मी आज बायकोला तिच्या माहेरावरून मुद्दाम टोचून बोललो, तिला दुखावं म्हणूनच बोललो" हे पाप पदरी घेणं. बथशेबा या दुसऱ्याच्या बायकोशी व्यभिचार केल्यानंतरचं दाविदाचं ५१ वं स्तोत्र काढून वाचा, त्यात बथशेबेचं कारण नाही, राजेपणाच्या टेन्शनचं कारण नाही, "माझा अपराध" एवढंच आहे.

मग १ योहान १:९ वर टिका. आपण पापं पदरी घेतली तर तो विश्वसनीय आणि न्यायी आहे, क्षमा करील आणि शुद्ध करील. दुसऱ्याच अध्यायात योहान सांगतो की कोणी पाप केलंच तर पित्याजवळ आपला कैवारी आहे, येशू ख्रिस्त. क्षमा झाली असं तुम्हाला त्या क्षणी वाटेलच असं नाही, आणि वाटण्यावर ती अवलंबूनही नाही, रडू आलं नाही म्हणून पश्चात्ताप खोटा ठरत नाही. पौल म्हणतो देवाला अनुसरून झालेलं दुःख माणसाला पश्चात्तापाकडे नेतं आणि जगाचं दुःख मरणाकडे (२ करिंथ ७:१०), तर तुमचं दुःख तुम्हाला कुठे नेतंय, प्रभूकडे की पांघरुणाखाली, ते बघा.

आता माणसांकडे. इथे बरेच विश्वासणारे पळवाट काढतात, "मी देवाजवळ क्षमा मागितली, विषय संपला". नाही संपला. वेदीजवळ अर्पण ठेवून आधी भावाकडे जा असं प्रभूने सांगितलंय (मत्तय ५). जक्कय या जकातदाराने फसवून घेतलेलं चौपट परत करायचं कबूल केलं. शेताचा बांध कोरला असेल तर तो मागे घ्या, आणि मोजणी करून घ्या. कंपनीत खोटी बिलं लावली असतील तर पैसे परत द्यायचा मार्ग शोधा, नोकरीवर बेतेल असं वाटत असेल तर आधी एखाद्या शहाण्या माणसाचा सल्ला घ्या पण सल्ल्याच्या नावाखाली वर्ष काढू नका. माफी मागताना वाक्यात "पण" आणू नका, "चुकलं माझं, पण तूही तेव्हा" असं आलं की ती माफी राहत नाही. समोरच्याने लगेच माफ करायलाच पाहिजे हाही हट्ट नको, तो त्याचा वेळ घेईल.

एक गोष्ट मला जोरात सांगायचीय. घरात मारहाण होत असेल, लहान मुलाशी कोणी वाईट वागलं असेल, तर ते "भावाने पश्चात्ताप केलाय, आता माफ करा" असं म्हणून मंडळीच्या आत मिटवायचं नाही. आधी जिच्यावर ओढवलंय तिला सुरक्षित करा, पोलिसांत जा, मुलांच्या लैंगिक शोषणाबाबत तर पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारकच आहे. ज्याला खरा पश्चात्ताप झालाय तो परिणाम भोगायला तयार असतो. नाथान संदेष्ट्याने दाविदाला क्षमा सांगितली, आणि त्याच दमात परिणामही सांगितले.

एकट्याने लढू नका

याकोब ५:१६ म्हणतो एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. कॅथलिकांकडे याची नेमलेली सोय आहे, आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये नाही, म्हणून आपल्याला माणूस स्वतः शोधावा लागतो. माणूस कसा हवा, तर पुरुषाला पुरुष आणि बाईला बाई, विश्वासात जुना, आणि मुख्य म्हणजे तोंडाचा पक्का. साक्षीच्या वेळेत माईकवर सगळं सांगू नका, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "माझ्यासाठी प्रार्थना करा, मी अमुक पापात आहे" असं टाकू नका, गाव लहान असतं.

कबुलीमुळे काय होतं याचं उदाहरण आपल्याच मातीत आहे. १९०५ च्या सुरुवातीला केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी प्रार्थनेसाठी बायका-मुली जमवल्या, आणि जूनमध्ये तिथे जी जागृती झाली तिच्यात मुली रडून आपली पापं कबूल करत होत्या. मुक्तीत रोज वचन ऐकणाऱ्या, प्रार्थना करणाऱ्या मुली होत्या त्या. मला यात धीर वाटतो, देवाजवळ येणं म्हणजे पाप दिसेनासं होणं नाही, उलट जवळ गेल्यावर आधी न दिसलेलंही दिसायला लागतं. दहा वर्षं विश्वासात काढलेल्या माणसाला पहिल्या वर्षापेक्षा स्वतःत जास्त पाप दिसतं ते यामुळेच, आणि तो घाबरतो की मी मागे चाललोय.

मग वाट तोडा. देहाच्या वासनांसाठी तरतूद करू नका असं रोमकरांस १३:१४ म्हणतं, तर तुमची तरतूद कुठे आहे ते शोधा. फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला. पगाराच्या दिवशी बारच्या रस्त्याने यायचं नाही, कोणीतरी घ्यायला येऊ दे. ज्या मैत्रिणीशी बोलणं दर वेळी तिसऱ्या बाईवरच येतं तिच्याशी फोनवर गप्पा कमी, भेटून एकत्र प्रार्थना जास्त. आणि नुसतं तोडून भागत नाही, रिकामी जागा भरायला लागते. इफिस ४:२८ मध्ये चोराला नुसतं चोरी थांबव म्हटलेलं नाही, हाताने काम कर आणि गरजवंताला दे म्हटलंय.

तरीही परत तेच झालं तर परत याच वाटेने या. नीतिमान सात वेळा पडला तरी उठतो असं नीतिसूत्रं सांगतात. पेत्र आपल्याला ओळखायचंच नाकारेल हे प्रभूला आधीच माहीत होतं, तरी "तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे" असं तो आधीच त्याला सांगून ठेवतो.

पण काहीच टोचत नसेल तर

वरचं सगळं झगडणाऱ्यांसाठी आहे. ज्याला पापाचं काहीच वाटत नाही, जो "कृपा आहे ना" म्हणून निवांत आहे, त्याला मी हे सांगणार नाही. कृपा वाढावी म्हणून पापात राहावं का, याला पौलाने रोमकरांस ६ मध्ये कदापि नाही असं उत्तर दिलंय. आपल्याकडे तिसऱ्या-चौथ्या पिढीचे ख्रिस्ती खूप, नाव बायबलमधलं, लग्न चर्चमध्ये, आणि नवा जन्म कधी झाला असं विचारलं तर बाप्तिस्म्याची तारीख सांगतात. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला, आणि त्यांनी स्वतःच पुढे लिहिलं की त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता हे त्यांना आठ वर्षांनी कळलं. एवढ्या विदुषीला हे उघड लिहायला लाज वाटली नाही. तेव्हा स्वतःची परीक्षा करा (२ करिंथ १३:५), आणि उत्तर "नाही" आलं तरी दार बंद नाही, आजच प्रभूकडे या.

आणि कोणी तुमच्याकडे येऊन पाप सांगितलं तर? आधी पूर्ण ऐका. "तू असं करशील असं वाटलं नव्हतं" हे वाक्य गिळा. गलती ६:१ सांगतं अशाला सौम्यतेने ताळ्यावर आणा आणि स्वतःकडेही लक्ष ठेवा, कारण तुम्हालाही मोह होऊ शकतो. सोबत तिथेच प्रार्थना करा, नंतर करतो म्हणू नका. कोणाच्या जिवाला धोका नसेल तर नवऱ्याला किंवा बायकोलाही ते सांगायचं नाही. आणि पुढच्या आठवड्यात स्वतःहून फोन करा, कारण तो करणार नाही, त्याला वाटत असतं की आता तुम्ही त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघताय.