गांडूळ जिवंत आहे, पण धडधाकट आहे का? या चुका टाळा

रसायन मिसळलेल्या मातीत गांडुळं सोडायची, 14 दिवसांनी मोजायची आणि सगळी वळवळताना दिसली की ‘माती निर्धोक’ असा शेरा मारायचा. सर्वांत महागात पडणारी चूक हीच. गांडूळ मरतं ते अगदी शेवटी. त्याची रोगाशी लढायची ताकद त्याच्या कितीतरी आधी खचलेली असू शकते.

गांडुळाला आपल्यासारखी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवता येत नाहीत. सगळी भिस्त देहगुहेतल्या, म्हणजे कातडी आणि आतडं यांमधल्या पोकळीतल्या द्रवावर. त्यात तरंगणाऱ्या अमीबासारख्या पेशी जिवाणूंना गिळतात, द्रवातलं लायसोझाइम हे विकर (एन्झाइम) त्यांच्या भिंती फोडतं. तांबं, कॅडमियम किंवा पीसीबी (क्लोरीनयुक्त औद्योगिक रसायनं) अंगात गेलं की हे गिळणं मंदावू शकतं, पेशींतल्या लायसोसोमचं, म्हणजे पचन करणाऱ्या पिशव्यांचं, पटल गळकं होतं. वरून मात्र गांडूळ ठणठणीत! म्हणून पेशींना न्यूट्रल रेड हा रंग देऊन तो लायसोसोममध्ये किती वेळ टिकतो ते बघावं. लवकर बाहेर झिरपला, तर पेशी ताणाखाली आहेत.

मातीतल्या धातूचा एकूण आकडा बघून अंदाज बांधू नका. आम्लधर्मी, सेंद्रिय द्रव्य कमी असलेल्या मातीत तेच तांबं गांडुळाला जास्त बाधतं. चिकणमाती आणि ह्यूमस (कुजलेलं सेंद्रिय द्रव्य) त्याला धरून ठेवतात. सामू (पीएच, म्हणजे आम्लता) मोजलाच नसेल, तर दोन मातींची तुलना करण्यात अर्थ नाही.

पेशींची संख्या घटली म्हणून प्रदूषकावर खापर फोडण्याआधी स्वतःचे हात तपासा. पेशी काढायला गांडुळाला सौम्य विजेचा झटका किंवा अल्कोहोलचं द्रावण देतात. त्याच गांडुळावर पुन्हा प्रयोग केलात, तर भांडार रिकामंच सापडणार; ते भरायला काही आठवडे लागतात. नुसतं जोरात हाताळलं तरी पाठीवरच्या छिद्रांतून द्रव बाहेर पडतो. स्वच्छ मातीतला, तितकाच हाताळलेला गट शेजारी हवाच.

आणखी एक फसगत, बहुतेकांना उशिरा कळणारी. आयसेनिया आंद्रेई या गांडुळाच्या जातीच्या पिवळट पेशींमध्ये रायबोफ्लेविन (जीवनसत्त्व ब-२) असतं, त्यामुळे विशिष्ट प्रकाशात त्या रंग न देताही चमकतात. चमकणारा रंग वापरून मोजणी करताना ही मूळची चमक ‘परिणाम’ म्हणून नोंदली जाते. आधी रंग न घातलेला नमुना बघा. लम्ब्रिकस टेरेस्ट्रिस या दुसऱ्या जातीत अशा पेशी फारच कमी, त्यामुळे एका जातीचे आकडे दुसरीला लावू नका.