ओळीनंतरची मोकळी जागा : ब्लूज बँडमधील भागीदारीची १६ वर्षे

नाशिकमध्ये ब्लूज, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या गाण्यांतून आलेले संगीत, वाजवणारा बँड काढू पाहणारी मुले भेटली की गिटार कोणती घ्यावी, हे आधी विचारतात; सोबत कोण वाजवणार, हा प्रश्न क्वचितच निघतो. मी गिटार वाजवतो व गातो आणि माझा मित्र हार्मोनिका वाजवतो. या १६ वर्षांत आमचे चार ड्रमर बदलले, त्यामुळे माझ्या लेखी बँड म्हणजे मुळात आम्ही दोघेच.

पहिली दोन वर्षे आम्ही चुकतच होतो. ब्लूजचा प्रचलित साचा १२ बारांचा (बार म्हणजे तालाचा एक खंड), प्रत्येक बारात ४ मात्रा, म्हणजे एकूण ४८. गाण्याची पहिली ओळ, तिचीच पुनरुक्ती आणि त्यावरचे उत्तर अशा तीन ओळींच्या वाट्याला प्रत्येकी १६ मात्रा येतात. मित्र लहानपणी पंचवटीत तबला शिकलेला असल्याने त्याने हा हिशेब त्रितालाची तीन आवर्तने म्हणून एका बैठकीतच पक्का केला. मात्र ओळीचे शब्द निम्म्या वाटेवर संपतात आणि उरलेली जागा वाद्याच्या उत्तरासाठी असते, हे आम्हाला ठाऊक असूनही हातांत उतरले नव्हते. शब्द संपताच मी तारा छेडायचो आणि त्याच क्षणी तो हार्मोनिका ओठांना लावायचा. गंगापूर रोडवरच्या गच्चीतल्या खोलीत केलेले रेकॉर्डिंग ऐकले, तेव्हा दोन माणसे एकमेकांचे बोलणे तोडत असल्यासारखे वाटले. त्यानंतर तीन महिने मी शब्द संपले की उजवा हात तारांवरून उचलून गिटारच्या कडेवर ठेवत असे.

या जोडकामासाठी अमेरिकन ब्लूज वादक बडी गाय आणि ज्युनियर वेल्स यांची गिटार-हार्मोनिका जरूर ऐकावी. आपल्या देशातील उदाहरण हवे असेल, तर शिलाँगच्या रूडी वॉलंग आणि टिप्रिती खरबांगर यांनी २००३ मध्ये सुरू केलेला 'सोलमेट' हा ब्लूज बँड आहे. २००७ मध्ये ते अमेरिकेतील मेम्फिसच्या ब्लूज स्पर्धेतही वाजवून आले.

पैशांचे बोलणे पहिल्याच महिन्यात उरकावे. एका हॉटेलने आमचे मानधन बुडवले, तेव्हा ड्रमरला कोणी काय द्यायचे यावरून आमच्यात आठवडाभर अबोला होता.

हार्मोनिकावाल्याला पट्टी आधी सांगणे हेही गायकाचेच काम. प्रत्येक हार्मोनिका एका ठरावीक पट्टीची असते. खालच्या छिद्रांवर श्वास आत ओढूनच स्वर वाकवता, म्हणजे किंचित खाली उतरवता येतात आणि ए च्या हार्मोनिकावर ई चे मुख्य स्वर श्वास आत ओढूनच मिळतात, म्हणून ई पट्टीतील ब्लूजला सहसा ए ची हार्मोनिका घेतात. एकदा घसा बसल्यामुळे मी रंगमंचावरच पट्टी डी वर उतरवली. त्यासाठी लागणारी जी ची हार्मोनिका घरी राहिली होती. मित्राने खिशातून सी ची काढली, त्यामुळे तेच गाणे एकदम उदास रंगाचे झाले. पहिली ओळ संपल्यावर त्याने एकच लांब स्वर धरला. मी हात कडेवरच ठेवला. ते गाणे आम्ही आजही डी मध्ये, सी च्या हार्मोनिकावरच वाजवतो.