उपग्रहाचं ऊन आणि जमिनीवरचं ऊन: आकडे कसे ताडायचे

'उपग्रहाचे आकडे चुकलेत' म्हणत कुणी फाइल घेऊन आलं की मी आधी गच्चीवर जाऊन पायरॅनोमीटर, म्हणजे ऊन मोजायचं यंत्र, बघते. काचेच्या घुमटावर धूळ किंवा पक्ष्याची शीट असेल तर ऊन कमीच मोजलं जाणार. घुमट सूर्य उगवण्याआधी मऊ कापडाने पुसा. पाणसळीचा बुडबुडा मधोमध आहे ना, तेही पाहा. सौर प्रकल्पावरचं यंत्र बरेचदा पॅनेलच्या उतारावर बसवलेलं असतं; आडव्या पृष्ठभागाच्या आकड्याशी त्याची तुलना करू नका. रात्री उणे दोन-तीन वॅट दिसले तर घाबरू नका, घुमट थंड आकाशाकडे उष्णता सोडतो म्हणून तसं होतं.

आता वेळ. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. नासाच्या 'पॉवर' या उपग्रहाधारित आकडे देणाऱ्या संकेतस्थळावरून तासाचे आकडे घेताना यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, निवडा. आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे, म्हणजे यूटीसीचा 6 ते 7 हा तास आपल्याकडे 11:30 ते 12:30. त्याच्यासमोर लॉगरची (यंत्राचे आकडे साठवणाऱ्या उपकरणाची) 12 ते 1 ची सरासरी ठेवली, की उपग्रह सकाळी कमी आणि दुपारी जास्त दाखवतोय असं वाटत राहतं. म्हणून लॉगरमध्ये मिनिटामिनिटाची नोंद ठेवा आणि तासाची सरासरी साडेअकरा ते साडेबारा अशी, अर्ध्यापासून अर्ध्यापर्यंत काढा. लॉगरचं घड्याळ तपासायला निरभ्र दिवसाचा आलेख पुरतो: वाईला त्याचा माथा ऋतूनुसार साधारण 12:20 ते 12:50 मध्ये यायला हवा.

मग जागा. 'पॉवर' उन्हाचा एकच आकडा ज्या चौकोनासाठी देतं, तो एक अंशाचा, म्हणजे शंभर किलोमीटरहून मोठा. दापोली, महाबळेश्वर आणि वाई एकाच चौकोनात येतात! जुलैत महाबळेश्वर ढगात बुडालेलं असताना वाईत ऊन पडलेलं असू शकतं, आकडा मात्र तिघांना एकच. घाटालगतच्या जागेसाठी मी तो एकटा कधीच धरत नाही.

सूर्य क्षितिजापासून दहा अंशांच्या खाली असतानाच्या नोंदी वगळा. उरलेल्यांत उपग्रहातून जमिनीचा आकडा वजा करा, पण निरभ्र आणि ढगाळ दिवस वेगळे ठेवून. निरभ्र दिवशी फरक सतत एकाच बाजूला पडत असेल तर हवेतली धूळ उपग्रहाच्या हिशेबात नीट धरली गेलेली नसेल, नाहीतर यंत्राचं कॅलिब्रेशन (मोजमापाचं प्रमाणीकरण) सरकलं असेल. कॅलिब्रेशन करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. पावसाळ्यात तासातासाचे आकडे विखुरणारच, तिथे महिन्याची बेरीज बघा. पावसाळ्यासकट निदान एक अख्खं वर्ष जमलं, की महिनावार फरक काढून मागच्या वर्षांचे उपग्रहाचे आकडे त्यानुसार दुरुस्त करता येतात.