पल्सची रुंदी मोजताना आधी सॅम्पल रेट बघा

डिजिटल ऑसिलोस्कोपवर (विजेच्या सिग्नलचा आलेख पडद्यावर दाखवणारं उपकरण) पल्स विड्थचा, म्हणजे पल्सच्या रुंदीचा, आकडा दिसला की लगेच टिपून घेऊ नका, आधी सॅम्पल रेट, म्हणजे स्कोप सेकंदाला सिग्नलचे किती ठिपके (सॅम्पल) टिपतो, ते बघा. समजा, मेमरी 1 लाख पॉइंट्सची आहे आणि टाइमबेस, म्हणजे पडद्यावरच्या एका आडव्या घराला (डिव्हिजनला) मिळणारा वेळ, 10 मिलिसेकंद प्रति डिव्हिजन. 10 डिव्हिजनच्या पडद्यावर दोन सॅम्पलमध्ये 1 मायक्रोसेकंदाचं अंतर पडतं. 2 मायक्रोसेकंदांच्या पल्सवर मग जेमतेम दोन ठिपके येतात, आणि स्कोप त्यावरूनच रुंदी काढतो! टाइमबेस 500 नॅनोसेकंदांवर आणा. पल्स चार डिव्हिजन व्यापेल आणि सेकंदाला 1 गिगासॅम्पल घेणाऱ्या स्कोपवर दोन सॅम्पलमधलं अंतर 1 नॅनोसेकंदावर येईल. मात्र थांबवलेलं चित्र झूम करून काही साधत नाही, हुकलेले पॉइंट्स परत येत नाहीत. नव्याने कॅप्चर घ्याच.

रुंदी चढत्या आणि उतरत्या कडेच्या 50 टक्के उंचीवर मोजतात, त्यामुळे उंचीही नीट दिसायला हवी. व्होल्ट प्रति डिव्हिजन कमी करून पल्स उभी ताणा, पण वरचं टोक पडद्याबाहेर जाऊ देऊ नका. कडांवर रिंगिंग (कडेपाशी सिग्नलची थरथर) दिसत असेल, तर प्रोबची (सिग्नल स्कोपपर्यंत नेणाऱ्या केबलची) लांब ग्राउंड वायर काढून छोटी स्प्रिंग लावा. माझ्या मते फरक सगळ्यात लवकर तिथेच दिसतो.