देवानं दिलेलं दान, म्हणजे अंगातला गुण, चर्चच्या सेवेत वापरताना या चुका टाळा

जुलै महिना, बेळगावचा पाऊस, आठ दिवस ऊन नाही, आणि आमच्या चर्चची पेटी, म्हणजे हार्मोनियम, बसली. दोन पट्ट्या दाबल्या की वरच येईनात आणि एक सूर नुसता खरखरायला लागला. उपासना झाल्यावर उद्यमबागेत लेथवर काम करणारे एक अण्णा पुढं आले, पेटी उघडली, खिशातला पातळ कागद त्या सुराच्या पितळी जिभेखालून हळूच सरकवला, अडकलेला कचरा बाहेर आला, मग फुगलेल्या पट्ट्यांच्या कडा पॉलिश पेपरनं जराशा घासल्या आणि अर्ध्या तासात पेटी बोलायला लागली. मी म्हटलं, अण्णा, काय हात दिलाय ओ देवानं तुम्हाला. तर म्हणतात, "हे कसलं दान, हे तर आमचं रोजचं काम. मला कुठं गायला येतंय, बोलायला येतंय."

हे वाक्य मी खानापूरपासून निपाणीपर्यंत ऐकलंय आणि बाकीच्या बहुतेक चुका यातूनच निघतात असं माझं मत आहे.

माईकवर दिसतं तेच दान समजणं

बायबलमधलं निर्गम 31 उघडून बघा की. देवानं आपल्या आत्म्यानं भरलं असं ज्याच्याबद्दल लिहिलंय तो बसालेल कारागीर होता, सोनं, रुपं, पितळ, दगड, लाकूड यात त्याचा हात चालायचा. यापो गावची दुर्कस नावाची बाई मेली तेव्हा विधवांनी रडत रडत येशूच्या शिष्याला, पेत्राला, काय दाखवलं, तर तिनं शिवलेले कपडे. आपल्याकडं शहापूर-वडगावात मागावर बसणाऱ्या, घरी शिलाई करणाऱ्या किती बहिणी आहेत, त्यांना कुणी कधी म्हटलंय का की हे दान आहे म्हणून? रेव्ह. ना. वा. टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा कविता मागं टाकली नाही, अभंग आणि कीर्तन घेऊनच सेवेत आले, आणि त्यांची गीतं आपण आजही गातो.

आणि आपल्या सीमाभागातलं सगळ्यात दुर्लक्षित दान म्हणजे भाषा. मराठी, कन्नड, कोंकणी, हिंदी, आपण बसस्टँडवर सुद्धा बदलत बदलत बोलतो म्हणून त्याची किंमतच वाटत नाही. आमच्या मंडळीतली एक मुलगी आपल्या मावशीला बघायला दवाखान्यात गेलेली, शेजारच्या खाटेवर गोकाककडची एक आजी एकटीच रडत होती, पास्टरांना कन्नड येत नव्हतं. ही जवळ बसली, हात धरला आणि 23 वं स्तोत्र एकेक ओळ कन्नडमधे सांगायला लागली. "कुरुबनु" म्हणजे मेंढपाळ हा शब्द आला तशी आजी रडायची थांबली, म्हणाली माझा नवरा जन्मभर मेंढरंच राखत होता. पुढचा अर्धा तास आजीच बोलत होती. त्या मुलीनं आधी दोन वर्ष क्वायरमधे जागा मिळत नाही म्हणून मन खट्टू करून घेतलं होतं.

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये 6 मधे पण पहिल्या मंडळीतलं भाषेचंच दुखणं आहे. ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपात सुटत होत्या, तेव्हा मंडळीनं सात जण निवडले आणि ती सातही नावं ग्रीक आहेत. वाढपाच्या कामाला सुद्धा कोण योग्य हे त्यांनी विचार करून बघितलं.

जागा रिकामी आहे म्हणून कुणालाही उभं करणं

ही चूक आपली, म्हणजे कमिटीवाल्यांची. मी पण केलीय. संडे स्कूलला शिक्षक नव्हता म्हणून एका अबोल पोराला न विचारता वर्ग देऊन टाकला, तीन महिन्यांत त्यानं चर्चला यायचंच बंद केलं. घरी जाऊन माफी मागितली तेव्हा कळलं की हा हिशोबात एकदम पक्का, आता नाताळच्या वर्गणीची वही त्याच्याकडं आहे आणि पैशा-पैशाचा मेळ लागतो. रोमकरांस 12 मधे शिक्षण आणि सेवा ही वेगळी दानं लिहिलीत ते उगीच नाही. कुणालाही काम देताना आधी चार रविवार जुन्या माणसासोबत बसवा, मग एकटं गाठून विचारा, जमतंय का, आवडतंय का. नाही म्हणाला तर तोंड पाडू नका.

सगळ्याला हो म्हणणं

सकाळी खुर्च्या, दुपारी घरभेटी, रात्री प्रार्थना सभा, आणि घरात बायको-पोरांवर चिडचिड. लोकांचे सगळे न्यायनिवाडे एकटाच करणाऱ्या मोशेला सुद्धा सासऱ्यानं, इथ्रोनं, सांगितलं होतं की अशानं तू थकून जाशील. त्यात एक माणूस सगळं करतो तेव्हा बाकीच्यांना शिकायला जागाच राहत नाही.

माझं छोटं आहे म्हणून पुरून ठेवणं

येशूच्या तालंताच्या दाखल्यात धनी चाकरांना तालंत, म्हणजे पैसे, सांभाळायला देतो, त्यात एकच तालंत मिळालेला तो पुरून ठेवतो आणि त्याची आपल्याला कीव येते, पण हिशोब घाला: एक तालंत म्हणजे सुमारे 6000 दिनार, एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. वर्षाला 300 दिवस धरले तर 20 वर्षांची कमाई झाली! छोटं काय आहे त्यात?

अडलंय, मग बघायचं काय?

काम करून अंग दुखतंय पण मन भरलंय, तर ठीक आहे, झोप काढा. काम थोडंच आहे तरी आतून कोरडं वाटतंय, दुसऱ्याचं कौतुक झालं की पोटात दुखतंय, तर थोडं थांबून प्रार्थना करा आणि तुम्हाला खरं बोलणाऱ्या एका माणसाला विचारा. मंडळीत संधीच देत नाहीत ही तक्रार खरी असते बऱ्याचदा, पण "मला सेवा द्या" असं मोघम म्हटलं की पास्टरांना पण सुचत नाही ओ. शनिवारी 5 ते 7 मी मोकळा आहे, वायरिंग बघतो, किंवा दोन म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेऊन आणतो, असं नेमकं सांगा. त्या अण्णांना आम्ही असंच विचारलं, आणि आता शनिवारी संध्याकाळी चर्चच्या व्हरांड्यात दोन पोरं त्यांच्याजवळ बसून पेटीचा भाता कसा सांधायचा ते शिकतात.